एक ते चारची मोजणी

"नेढं दिसतंय का?"

कुठलाही नवा व्हिडिओ तयार झाला की काका हा एकच प्रश्न विचारायचे. चष्मा कपाळावर चढवायचा, एक डोळा मिटायचा आणि नाक पडद्याला लागेल इतकं वाकून बघायचं. पडद्यावर आमच्या मॅडमची बोटं असायची, बोटांत सुई असायची. सुईचं नेढं, म्हणजे दोरा ओवायचं ते बारीक भोक, दिसलं की सरळ होऊन म्हणायचे, "चला, पाठवा." नाही दिसलं तर 'नाही' असंही म्हणायचे नाहीत. "आपण शिवण शिकवतो ना? की अंदाज?" एवढंच विचारून जागेवर जाऊन बसायचे.

आमचं ऑफिस वारज्यात, तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. आम्ही मोबाइलवर शिवणकाम शिकवतो. मॅडम पूर्वी दोन खोल्यांत वर्ग घ्यायच्या, आता त्यांचे धडे राज्यभरातल्या बायका फोनवर बघतात. फी त्यांनी मुद्दाम कमी ठेवली आहे. हे व्हिडिओ फोनपर्यंत नीट पोचवायचे, हे माझं काम. मी मूळची यवतमाळची, पण पुण्यात इतकी वर्षं झाली की रिक्षावाला 'नाही' म्हणाला तर आता मला वाईटसुद्धा वाटत नाही.

काका आमच्याकडे आले ते तक्रारींचे फोन घ्यायला. उभी हयात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून निवृत्त झाले होते, घर ऑफिसपासून दहा मिनिटांवर होतं. आम्ही त्यांना काका म्हणायचो; ते मात्र आम्हाला, अगदी चहावाल्यालाही, 'आपण' म्हणायचे. मुलाखतीत त्यांनी पगाराचं काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाले, "एक ते चार मी नसेन."

"अहो, ती ऑफिसची वेळ आहे," मॅडम म्हणाल्या.

"असेल. माझी झोपेची आहे."

मॅडमनी त्यांना घेतलं. असा स्पष्ट बोलणारा माणूस फोनवर बरा, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या वेळी आमचे सगळे व्हिडिओ क्लाउडवर होते. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या मालकीची मशीन, मोठे संगणकच, आपण भाड्याने वापरायची. हिंगोलीत बसून एखादी बाई धडा बघते की आपल्या भाड्याचं मीटर फिरतं. तिने तोच टाका पाचदा मागे नेऊन बघितला की मीटर पाचदा फिरतं, आणि शिवण शिकणारी बाई मागे नेऊन बघणारच, त्याशिवाय हात बसत नाही. बायका वाढत गेल्या तसं बिल वाढत गेलं. एका सकाळी मॅडम आमच्यापुढे ते बिल ठेवून म्हणाल्या, "फी वाढवली तर निम्म्याजणी जातील. त्यापेक्षा चित्र जरा हलकं करू. थोडं धूसर दिसेल, पण कुणाला कळणार आहे?"

"सुईला कळेल," काका म्हणाले.

मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं. तक्रारींचे फोन घेणाऱ्या माणसाने यात बोलायचं कारण नव्हतं. पण ते खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले आणि विचारू लागले, "गर्दी कधी होते?"

"कसली गर्दी?"

"बघणाऱ्यांची. रोजच्या ठरलेल्या किती असतात, आणि सगळ्यात जास्त एका वेळी किती?"

मला सांगता येईना. सगळी माहिती माझ्या मशीनवर होती, पण त्या नजरेनं मी ती कधी बघितलीच नव्हती. ते म्हणाले, "मोजलं नाही? मग आपण बिल भरतो ते कशाचं?" मला राग आला होता, पण त्यांचं बरोबर होतं.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो आपल्या जुन्या खात्याच्या चष्म्यातून अख्खं जग बघतो. पोस्टातला माणूस लग्नपत्रिकांचीसुद्धा वर्गवारी करतो. काकांचं जग म्हणजे एक्स्चेंज. ते सांगायचे, दोन एक्स्चेंजमधल्या रोजच्या बोलण्याला पुरतील इतक्या थेट लाइनी टाकायच्या. त्या भरल्या की वरचे कॉल वळसा घालून दुसरीकडून न्यायचे. वळशाला खर्च जास्त, पण तो थोड्याच कॉलना. "रोजच्या कणकेला घरची परात," ते म्हणायचे, "पंगत असली तर भाड्याची भांडी. आपण रोजच्या चार पोळ्यांनासुद्धा मंगल कार्यालयाची परात आणतोय."

त्यांचं म्हणणं असं होतं की दोन-तीन मशीन स्वतःची घ्यावीत, ऑफिसातच ठेवावीत. आमच्या शेकडो धड्यांपैकी आठ-दहाच धडे सगळ्याजणी सारखे बघायच्या. ते आपल्या मशीनवर ठेवायचे. बाकीचे धडे आणि जास्तीची गर्दी क्लाउडवर. सगळ्यात जास्त बघितला जायचा तो कटोरी ब्लाउजचा धडा, पण हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नसत. ते त्याला 'धडा सात' म्हणायचे. मी मुद्दाम विचारायचे, "कुठला हो तो, काका?" ते म्हणायचे, "आपल्याला माहीत आहे," आणि कान लाल करून फोनकडे वळायचे.

हिंजवडीकडच्या एका कंपनीने काढून टाकलेली तीन जुनी मशीन आम्ही घेतली. इंटरनेटची लाइन एक नको, दोन घ्या आणि त्या दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी आणा, असा काकांचा हट्ट. "पुण्यात रस्ता खोदला जाणार हे गृहीत धरूनच चालायचं," ते म्हणाले. मशीन गुढीपाडव्याला सुरू करायची हेही त्यांनीच ठरवलं. हळदकुंकू वाहिलं, आणि कुणी काही म्हणायच्या आत मधल्या मशीनला साखरेची गाठी बांधून टाकली. तिसऱ्या दिवशी एक मशीन बंद पडलं. उघडून बघतो तो आत मुंग्यांची रांग. मी नुसती गाठी त्यांच्या हातात दिली. ते म्हणाले, "एक्स्चेंजमध्ये मुंग्या यायच्या नाहीत," जणू मुंग्यांनीच शिस्त मोडली होती.

मग मे उजाडला. काकांनी मोजणी सुरू केली. मी आकडे काढून द्यायचे आणि ते आलेख कागदावर पेन्सिलीने रेघ चढवायचे. संगणक ती रेघ आपोआप काढतो, हे मी दोनदा सांगून बघितलं. "तो काढतो, मी बघतो," ते म्हणाले. रेघ सकाळी थोडी चढायची, दुपारी खाली बसायची आणि संध्याकाळी पुन्हा उठायची.

"बघा," पेन्सिलीचं टोक दुपारवर ठेवून ते म्हणाले, "पुणं काय आणि गोंदिया काय, माणूस जेवला की झोपतो."

मीही मान हलवली. यवतमाळच्या मे महिन्यातली दुपार मला चांगली आठवत होती. त्या उन्हात कोण जागं असणार? आणि आमचा पत्रा असा तापायचा की मशीनवर तळहात ठेवला तर चटका बसे. काकांनी नियम केला. रोज एकाला पाच कमी असताना घरची मशीन बंद करायची, चार वाजता चालू करायची. मधल्या वेळात जे काही थोडं येईल ते क्लाउडकडे जाईल. त्यांनी मशीनच्या खोलीवर पाटी लावली: 'यंत्रे विश्रांती घेत आहेत. १ ते ४ दार उघडू नये. कारण विचारू नये.' मग ते स्वतःही घरी जाऊन झोपायचे. मेचं बिल चांगलं खाली आलं. मॅडमनी आंबा बर्फी आणली आणि चित्र हलकं करायची गोष्ट मागे पडली.

जुलैत ते बिल पुन्हा वर गेलं. नुसतं वर नाही, जुन्या बिलाला गाठायला आलं. आम्ही लाइनी तपासल्या, मशीन तपासली, सगळं ठीक. मॅडमचा आवाज चढला नाही, त्या फार शांत झाल्या. म्हणाल्या, "मशीनचाही खर्च झाला आणि बिलही भरायचं. उद्यापासून सगळे धडे हलके करायचे."

"मॅडम, टाके दिसायचे नाहीत," काका म्हणाले.

"मलाही कळतं काका. पण वर्गच बंद पडला तर टाके दिसून उपयोग काय?"

"शनिवारपर्यंत थांबा."

त्या थांबल्या. काकांचा चेहरा मात्र त्या दिवसापासून उतरला. खर्च कमी करून दाखवतो, चित्राला हात लावू नका, असं त्यांनीच सांगितलं होतं. ते दिवसभर त्याच जुन्या आलेखाकडे बघत बसायचे आणि एकाला पाच कमी झाले की मशीन बंद करून, पाटी सरळ करून निघून जायचे.

बुधवारी सकाळी एक फोन आला. काका फोन नेहमी स्पीकरवर घ्यायचे, साक्षीला कुणीतरी हवं म्हणून. पलीकडे गोंदियाकडची एक बाई होती.

"काका, तो धडा रोज एकाला पाच कमी असले का तुटते. मंग पुन्हा पहिल्यापासून लागते."

काका माझ्याकडे बघू लागले. एकाला पाच कमी म्हणजे ते मशीन बंद करायची वेळ. ते म्हणाले, "ताई, आपण संध्याकाळी का बघत नाही? त्या वेळी तुटत नाही."

"संध्याकाळी कुठं भेटते काका? सैपाक राह्यते, फोन पोट्ट्याइच्या हातात राह्यते. पोट्टे शाळेत गेले, सासूबाई झोपल्या, का मंग फोन माह्या हातात येते. मले दुपारीच पाहाले भेटते."

"आणि मे महिन्यात?"

"मेमंदी पोट्टे घरीच नोयते का!" ती हसली. "मेमंदी कोन्या बाईले फोन भेटते?"

काकांनी फोन ठेवला. आलेखाचा कागद उचलून त्याच्या डोक्यावरची तारीख बघितली, जणू ती दुसऱ्याच कुणी लिहिली होती. मला खूप ओशाळल्यासारखं झालं. माझी आई, मावशी, शेजारच्या बायका, सगळ्यांची दुपार मी लहानपणी बघितलेली. त्या झोपायच्या नाहीत. सगळे झोपले की त्यांचं काहीतरी सुरू व्हायचं. आणि तरी मी त्या आलेखाला मान हलवली होती.

त्या दिवशी पाऊण वाजला तरी काका उठले नाहीत. घरी लँडलाइनवर फोन करून "जेवायला येत नाही, वाट बघू नका" एवढं सांगितलं.

"काका, झोप?" मी विचारलं.

"आज रजा."

एकाला पाच कमी झाले, मशीन चालूच राहिली. आम्ही दोघं माझ्या पडद्यापुढे बसलो. एक वाजून गेला आणि रेघ चढायला लागली. दीड वाजता ती संध्याकाळच्या वर गेली होती. आमची खरी गर्दी ही होती, आणि बरोबर त्याच वेळी आम्ही घरची परात उपडी घालून भाड्याची भांडी मागवत होतो.

कोण कुठून बघतंय त्याची यादी मी उघडली. गाव, धडा आणि फोनचे शेवटचे चार आकडे, इतकंच त्यात दिसतं. काका जुन्या सवयीने मोठ्याने वाचायला लागले. "वाशीम. चंद्रपूर. गोंदिया, ह्या आपल्या सकाळच्या ताई असतील. परभणी. अकोट. वारजे..." ते थांबले. पुढचे चार आकडे त्यांनी मनातच वाचले. मग शर्टाचा खिसा चाचपला. खिसा रिकामा होता, कारण सकाळी त्यांचा फोन घरी चार्जिंगलाच राहिला होता.

खाली रस्त्यावर कुणीतरी हॉर्नवर हात ठेवून उभं होतं.

"माझ्याच घरातला कॉल मोजायचा राहिला," ते म्हणाले.

मी हळूच विचारलं, "कुठला धडा आहे?"

"कटोरी ब्लाउज," ते म्हणाले. अगदी स्पष्ट, न अडखळता. मला हसू आलं नाही.

मग त्यांनी थोडंसं सांगितलं. काकू पूर्वी ब्लाउज शिवायच्या, साड्यांना फॉल लावायच्या. मुलीच्या शिक्षणाला ते पैसे लागले होते. डोळे अधू झाल्यावर शिवणयंत्रावर झाकण पडलं, झाकणावर काकांची वर्तमानपत्रं साठत गेली. "मी शेजारच्या खोलीत झोपायचो," ते म्हणाले. "ती पण झोपत असेल असं मला वाटायचं. विचारलं मात्र कधी नाही."

शनिवारी त्यांनी मॅडमच्या टेबलावर चक्क अर्ज ठेवला. एका पुणेकराने स्वतःची चूक लेखी कबूल केलेली मी आयुष्यात तेवढीच बघितली आहे. 'दुपारची गर्दी मोजण्यात माझ्याकडून चूक झाली. मोजणी सुट्टीच्या महिन्यात केली. त्यात चित्राचा दोष नाही, तरी ते हलके करू नये, ही विनंती.' खाली लफ्फेदार सही.

मॅडमनी तो दोनदा वाचला. म्हणाल्या, "अहो काका, मी इतकी वर्षं वर्ग घेतला तो दुपारी दोन वाजता. बायका तेव्हाच यायच्या. मला एकदा विचारायचंत की!"

"मोजायचं सुचलं," काका म्हणाले. "विचारायचं नाही सुचलं."

"आणि तू गं?" मॅडम माझ्याकडे वळल्या. मी पाटीकडे बघत राहिले.

पाटी त्याच दिवशी निघाली. मशीनच्या खोलीत एसी आला, मशीनची साफसफाई पहाटे होऊ लागली. दुपारची बहुतेक गर्दी घरच्या मशीनवर आली, वरची तेवढी क्लाउडकडे वळू लागली. पुढच्या दोन बिलांत आम्हाला जे हवं होतं ते दिसलं. फी वाढली नाही आणि चित्र होतं तसंच राहिलं. काका एक ते चार ऑफिसात बसायला लागले, डोळ्यांवर पाणी मारून, आणि फोन घरी ठेवून. हयातभर लोकांचे फोन जोडून दिलेला माणूस दुपारी बिनफोनचा असायचा. का, ते कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

असे दोन पावसाळे गेले. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं, जिना बंद झाला, ते घरीच राहू लागले. आवाज अगदी खणखणीत. फोनवर मला विचारायचे, "मोजता ना रोज?" मागच्या श्रावणात ते गेले. फोन आला तेव्हा मी मशीनच्या खोलीत होते. तिथेच स्टुलावर बसून मी रडले.

दिवसकार्य उरकल्यावर मी काकूंना भेटायला गेले. मुलगी सकाळीच परत गेली होती. मी मुद्दाम दुपारी गेले, कारण त्यांना केव्हा वेळ असतो ते आता मला माहीत होतं. शिवणयंत्राच्या झाकणावरची वर्तमानपत्रं केव्हाच गेली होती. यंत्राला फोन टेकवून उभा केला होता आणि पडद्यावर मॅडमची बोटं चालली होती. शेजारी कापून ठेवलेलं निळं कापड होतं, कुणाचं तरी ब्लाउजपीस.

काकूंनी मला पाणी दिलं आणि त्या पुन्हा फोनसमोर बसल्या. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की आवाजच येत नाहीये.

"काकू, आवाज बंद आहे. वाढवू का?"

"नको गं. मला सवय नाही आवाजाची," त्या म्हणाल्या. "हे आत झोपलेले असायचे ना, आधीही आणि मग आजारपणातही."

"मग सगळे धडे असेच शिकलात? आवाजाशिवाय?"

"बोटं दिसतात की स्वच्छ. तेवढं पुरतं."

ज्या चित्रासाठी काकांनी शनिवारपर्यंतची मुदत मागितली होती, त्या चित्रावरच काकू शिकल्या होत्या. मी विचारलं, "काकांना हे माहीत होतं?"

"छे. सांगितलं असतं तर जागे राहिले असते."

त्यांनी निळं कापड मांडीवर घेतलं, बोटाने घडी बसवली, पडद्यावरच्या टाक्याशी ताडून बघितली. सगळं बरोबर होतं. फक्त पायडलवर पाय ठेवायचा राहिला होता. मी म्हटलं, "शिवून टाका ना आत्ताच."

त्यांनी आतल्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बघितलं.

"चार वाजू देत," त्या म्हणाल्या.

पावणेदोन झाले होते. मी त्यांच्याजवळ बसून राहिले.